स्वयंपाकघरातून जाणारी वाट

तासगावजवळच्या एका बेदाणा शेडच्या मागं दोन खोल्या आहेत. मी तिथं राहते. पुढच्या खोलीत नवऱ्याची कॉट, मागच्या खोलीत स्वयंपाक, त्याच्या पलीकडं मोरी आणि संडास. संडासाची मागची भिंत म्हणजे शेडच्या जागेची हद्द. तिच्यापुढं दुसऱ्याची द्राक्षबाग सुरू होते. त्यामुळं घराला दार एकच, आणि संडासाला जायचं तर कॉटच्या पायथ्याजवळून, गॅसच्या शेजारून जावं लागतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं या रचनेवरूनच झालं.

खोल्या आमच्या नाहीत. नवरा मालकाचा ट्रॅक्टर चालवायचा. एका हंगामात द्राक्षं वाळत घालायच्या रॅकवरून तो पडला आणि कमरेखाली लुळा झाला. मालकानं दवाखाना केला, मिरजेला नेलं, नंतर या खोल्या दिल्या आणि मला मुकादमीण केलं. मुकादमिणीचं काम सोपं नसतं. आसपासच्या गावांतून बायका गोळा करायच्या, टेम्पोनं आणायच्या, पट्ट्यावर बसवायच्या आणि दिवसभर माल पुढं सरकता ठेवायचा. यंत्राच्या पट्ट्यावरून बेदाणा येतो, दोन्ही अंगांना बायका बसतात आणि काळा मणी, देठ, काडी उचलतात. पस्तीस-चाळीस बायका लागतात. त्या आल्या तर मी मुकादमीण, आणि मी मुकादमीण तर खोल्या माझ्या. हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं, आणि बोलायची गरजही नव्हती.

मालक वाईट माणूस नाही. माझ्याहून लहान आहे, मला मावशी म्हणतो. दर हंगामाला त्याची बायको माझी ओटी भरते. माझ्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाला तो स्वतः सांगलीला आला होता. अशा माणसापुढं तोंड उघडायचं म्हटलं की आधी आपल्यालाच आपण कृतघ्न वाटायला लागतो.

मागच्या हंगामाच्या आधी शेड झाडायला जमलो होतो, तेव्हा एका बाईच्या मोबाईलवर फोटो आला. लाल झेंड्याच्या पक्षानं जिल्ह्याची नवी सेक्रेटरी निवडली होती, आणि ती आमच्या शेडातली निघाली. कवठे महांकाळच्या पूर्वेकडं वस्तीवर राहणारं मेंढपाळाचं घर. तिची आई हंगामापुरती आमच्याकडं यायची आणि सुट्टीत ही शाळकरी पोरगी आईशेजारी बसून देठ वेचायची. पुढं साताऱ्याला शिकली, तिथंच एका मास्तराशी लग्न केलं, मोर्चांत दिसायला लागली. आता फोटोत तिच्या गळ्यात हार होता आणि मागं पांढऱ्या केसांचे चार पुरुष उभे होते.

"लय बारीक झालीया," एकजण म्हणाली.

"सेक्रेटरी म्हंजी? आपल्या सोसायटीचा असतोय तसला?"

"त्यो कर्ज देतोय. ही काय देणार?"

"ही भाषण देणार!"

सगळ्या मोठ्यांदा हसल्या. मी दटावलं. खाली बातमी होती, तीही एकीनं वाचून दाखवली. सामाजिक समता शेवटच्या माणसापर्यंत नेणार, असं काहीतरी. माझी थोरली जाऊ पट्ट्याच्या शेपटाला बसते. तिथं माल कमी येतो आणि वर पंखा आहे. ती म्हणाली, "शेवटचं माणूस मीच की. सांगा तिला, हितं घेऊन ये म्हणावं, बघू कसली असती ती."

बायकांची खरी अडचण समतेची नव्हती, निदान त्या तरी तसं म्हणत नव्हत्या. अडचण संडासाची होती. पूर्वी सगळ्या मागच्या ओढ्याला जायच्या. मग शेजारच्या बागायतदारानं द्राक्षं चोरीला जातात म्हणून कुंपण घातलं आणि खांबावर कॅमेरे बसवले. आता कॅमेऱ्यासमोर कोण बसणार? बायकांनी सकाळपासून पाणी पिणं सोडलं. उन्हाळ्याचे दिवस, बेदाण्याला द्यायच्या गंधकाच्या धुरीचा वास, आणि घशाला कोरड. कुणाला जळजळ, कुणाला ताप. आमच्या घरातला संडास सगळ्यांना दिसत होता. खोल्या देतानाच मालकानं सांगितलं होतं, "मावशी, हा तुमच्या घरापुरता. एकीला सोडलं की सगळ्या येतील." अगदीच एखादीचे डोळे फिरायला लागले तर मी तिला आत घ्यायचे. एरवी नाही. त्यावरून पाठीमागं काय बोललं जायचं, ते मला ऐकू यायचं.

हंगाम सुरू करताना यंत्राची पूजा होते. मालक म्हणाला, "मावशी, या वेळी नारळ त्या पोरीच्या हातनं फोडू. आपल्या शेडातली लेक एवढी मोठी झाली. माझ्या बोलावण्यानं यायची नाही, तुम्ही फोन करा."

मी फोन केला. ती आली. एसटीनं फाट्यापर्यंत आणि तिथून चालत, खांद्याला कापडी पिशवी, सोबत फोटोतला एक पांढऱ्या केसांचा कार्यकर्ता. मालकाची बायको ताट घेऊन उभीच होती. पाट मांडला, खण, तांदूळ, नारळ घातला, हळदीकुंकू लावलं. मालक मोठ्यांदा म्हणाला, "आज लेक माहेराला आली." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माझी जाऊसुद्धा हुंदका देऊन मोकळी झाली.

मला रडू आलं नाही. मला ही ओटी ओळखीची होती. एकदा का त्या घराची माहेरवाशीण झाली की बाई त्या घराशी भांडत नाही. भांडली तर चार बायकाच तिला म्हणतात, खाल्लेल्या घराचे वासे मोजतीस व्हय गं. आणि भरलेली ओटी नको म्हणणारी बाई आमच्याकडं तरी मी पाहिलेली नाही. पोरगी अडकली, असं मला वाटलं. तिच्या शेजारचा कार्यकर्ताही जमिनीकडं बघत होता.

तिनं पदरात ओटी नीट घेतली, खोचली, आणि पाटावरूनच म्हणाली, "दादा, लेक म्हणालात. मग लेकीनं माहेरी कायतरी मागितलं तर चालंल का?"

"माग की!"

"ह्या बायकांना संडास पायजे."

 मालक हसला. "एवढंच व्हय? दिला."

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबायची त्यानं वाट बघितली आणि मग शांतपणे म्हणाला, "जागा तेवढी बघायला लागंल. पुढं रस्ता, हिकडं रॅक, तिकडं गोडाऊन. शोषखड्डा काढायला मागचीच बाजू हाय. त्या दोन खोल्या पाडू. पण मी मावशींना घराबाहेर काढतोय असं उद्या कुणी म्हणायला नको. मावशींना विचारा, तुमचं तुम्ही ठरवा. मी बांधायला तयार हाय."

चाळीस तोंडं माझ्याकडं वळली. मी नारळाच्या फुटक्या वाट्या उचलल्या आणि ताटात ठेवल्या. दुसरं काय करणार होते?

दिवस मावळायच्या आत ती माझ्याकडं आली. नवरा कॉटवरून म्हणाला, "या सेक्रेटरीबाई. बसा. खुर्ची न्हाई आमच्याकडं, तुमच्या पक्षात बी खुर्ची नसतीयाच म्हंत्यात." ती हसली आणि खाली बसली.

मी चहा टाकला नाही. "निवडून आलीस आणि पयला हातोडा माज्याच घरावर?"

"मावशी, चुकलं."

"आधी मला इचारायचं हुतंस."

"व्हय. जागेचं माज्या डोक्यात आलंच न्हाई. मला वाटलं, न्हाई म्हंतील, मग आपण लढू. हो म्हंतील असं वाटलंच नव्हतं."

"लढायची तयारी करून आलीस, आणि हो म्हटल्यावर काय करायचं ते ठाऊक न्हाई."

 नवऱ्यानं विचारलं, "आता?"

"पाडू देणार न्हाई मी."

"मग त्या बायकांस्नी काय सांगशील?" मी म्हटलं.

तिची नजर माझ्या स्वयंपाकघराकडं गेली. ती तोंड उघडायच्या आतच मला कळलं. "बोलू नगंस," मी म्हटलं.

ती बोललीच. "तवर हाच उघडा ठेवला तर?"

"तवर म्हंजी कवापतोर?"

"दुसरी जागा निघंपतोर."

"आणि न्हाई निघाली तर?"

 मी गॅसजवळ जाऊन उभी राहिले. हो म्हटलं तर चाळीस बायका दिवसभर माझ्या घरातून जाणार. नाही म्हटलं तर मुकादमिणीच्या घरात संडास असून आम्ही तहानेनं मरतो म्हणून त्या पलीकडच्या शेडवर जाणार, आणि बायका गेल्या की खोल्या गेल्याच. तिसरी वाट होती, खोल्या पाडायची. मी भाताचं आधण ठेवलं आणि वळून म्हटलं, "समता समता म्हंतीस. म्हंजी काय, ते एकदा मला सांग. पेपरातलं नगं."

ती बराच वेळ बोटानं फरशीवर रेघा ओढत बसली. मग म्हणाली, "आमची मेंढरं घिऊन बा खाली बागायतीत यायचा. लोक बलवायचे. रातभर मेंढरं शेतात बसवली की लेंडीखत मिळतंय, म्हणून मेंढरांचा मान लय. पाटलांच्यात भांडण व्हायचं, आधी माज्या रानात, आधी माज्या रानात. आणि आमाला इहिरीवर यिऊ द्यायचे न्हाईत. बांधावर बसा, पाणी आणून देतो. मी लहान. मी आईला इचारलं, आपुन मेंढरू असतो तर बरं झालं असतं न्हवं?" तिनं बोट उचललं. "मला भाषण करताना शब्द सुचत्यात. असं कुणी समोर बसून इचारलं की हेच आठवतंय."

मी तिला चहा दिला. "उद्यापासनं येऊ दे त्यांना," मी म्हटलं. तिची गोष्ट ऐकून मी विरघळले असं कुणी समजू नये. माझ्यापुढं दुसरी वाट नव्हती, म्हणून हो म्हटलं.

मालकाला सांगितलं. त्यानं भुवया वर केल्या आणि म्हणाला, "तुमचं घर, मावशी. तुम्ही म्हणाल तसं." इतक्या वर्षांत त्यानं पहिल्यांदाच त्या खोल्यांना माझं घर म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून दारात चपलांचा ढीग लागला. कॉटच्या कडेला मी जुन्या साडीचा पडदा बांधला. नवरा भिंतीकडं तोंड करून पडायचा. बायका मान खाली घालून यायच्या आणि जाताना मान वर करायच्या. "आज वांगी व्हय?" "मावशी, दूध वर आलंय बघा." एकीनं आमटी चाखून मीठ कमी असल्याचंही सांगितलं. पण हसण्यावारी न्यावं असं सगळंच नव्हतं. नवऱ्याचं अंथरुणातलं उरकायला मला वेळ सापडेना. दोन बायकांच्या मधल्या फटीत ते करायचं, आणि फट असायचीच नाही. तो तासन्‌तास कळ काढायचा. त्यानं एकदाही तक्रार केली नाही, त्याचा मला जास्त राग यायचा.

चारेक दिवस संडास मीच धुतला. पट्टा बघायचा, नवरा बघायचा, चाळीस जणींचा संडास धुवायचा, हे जमणारं नव्हतं. एका दुपारी डबे उघडल्यावर मी सरळ विषय काढला. "संडास धुणार कोण?"

 नजरा हळूहळू एका बाईकडं सरकल्या. ती पट्ट्याच्या तोंडाशी बसते, जिथं धूळ सगळ्यात जास्त आणि माल सगळ्यात दाट. तिची जात मी लिहीत नाही. न लिहिताच वाचणाऱ्याच्या लक्षात आली असेल. ती भाकरीचा तुकडा मोडत होती. तो तोंडात घालून, चावून, गिळून ती म्हणाली, "माज्याकडं का बगताय सगळ्या? माजा नंबर आला की धुईन. त्याच्या आधी न्हाई."

"तुला कोण फुकट सांगतंय?" जाऊ म्हणाली. "वर्गणी काढू की."

"मग तुमीच घ्या की वर्गणी."

जावेनं डबा आपटून बंद केला. मी सेक्रेटरीला फोन लावला. त्या दिवशी ती पलूसला कुठंतरी होती, संध्याकाळी टेम्पो सुटायच्या आत येऊन पोचली. आल्या आल्या पदर खोचला, खराटा मागितला आणि पहिल्यांदा तिनंच संडास धुतला. पांढऱ्या केसांचा कार्यकर्ता बाहेर उभा होता. तो म्हणाला, "जिल्हा सेक्रेटरी झालीस आणि पहिलं आंदोलन संडासाचं."

"दुसरं बी हेच असंल, काका," ती आतून म्हणाली.

मग नंबर लावायचं ठरलं. पट्ट्यावर जशा बसतात तशा ओळीनं, रोज एक. मी आपलं सवयीनं म्हणून टाकलं, "पट्ट्याच्या तोंडापासनं सुरू करू."

तोंडाशी बसणारी बाई खळखळून हसली. "म्हंजी पयली मीच!"

माल तोंडापासून येतो, म्हणून मोजणीही तोंडापासून, एवढंच माझ्या मनात होतं. सेक्रेटरीनं माझ्याकडं बघितलं. मग मीच म्हटलं, "बरं. शेपटापासनं." आणि शेपटाला माझी जाऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आमच्या गावातून निम्मा रिकामा आला. जाऊ आली नव्हती, आणि तिच्या शब्दावर चालणाऱ्या भावकीतल्या बायकाही आल्या नव्हत्या. पट्ट्यावर दात पडल्यासारख्या जागा दिसत होत्या. त्यातून न वेचलेला माल तसाच पुढं जायला लागला. पट्ट्याचा वेग कमी करावा लागला.

मालक येऊन उभा राहिला. "मावशी, निम्माच चाललाय."

"व्हय."

"त्या बाईला जरा समजावून सांगा की. राजीखुशीनं धुतलं तर सगळ्यांचंच भागतंय. मी वर काय ते देईन."

"तिची राजी न्हाई."

"मग तुमचं बघा. पावसाच्या आत माल कोल्ड स्टोरेजला गेला पाहिजे. बायका आणणारी मुकादमीण लागंल मला. आणि नवीन कुणी आली तर तिलाही राहायला जागा द्यावी लागंल." तो हे अगदी वाईट वाटून म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत असावं.

मी पुन्हा फोन लावला. सांगलीत मोर्चा चालला होता, मागं घोषणा ऐकू येत होत्या. ती म्हणाली, "मावशी, नंबर मोडू नगा. एकदा मोडला की परत लागायचा न्हाई."

"तुजं काय जातंय? तुजं घर साताऱ्याला हाय."

घोषणा चालूच होत्या. ती म्हणाली, "खरं हाय."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः येऊन जावेच्या जागेवर बसली. दिवसभर देठ वेचले. हात विसरले नव्हते तिचे. तिचा फोन वाजत होता, कुठली तरी बैठक तिच्यासाठी अडली होती. पण एकीनं किती जागा भरणार? आणि उद्या काय, परवा काय? जाताना तिनं माझा हात धरला. मी सोडवून घेतला. मला हात धरणारी नको होती, पट्ट्यावर बसणाऱ्या बायका हव्या होत्या.

संध्याकाळी मी गावात जावेकडं गेले. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. मला बघून तिनं सूप थोडं सरकवलं, म्हणजे बस. मी बसले आणि शेंगा फोडायला लागले.

"पाठीवलंय व्हय त्या पोरीनं?"

"न्हाई. माजी मी आली."

"मी त्या संडासाला हात लावणार न्हाई. उगं बोलू नगंस."

"रोज जातीस की तितं."

"तुज्या घरात जाती मी. भावकी म्हणून."

"भावकीचा संडास येगळा न्हाई काढला मी."

तिनं शेंग जोरात फोडली. मग आवाज उतरला. "पोराची सोयरीक चाललीया पलूसला. मानसं बघायला येणार हायेत. त्यांच्या कानावर गेलं, की ह्याची आई शेडात संडास धुती, तर? तुला काय, तुजी पोरगी शिकून भायेर पडली."

हे मला माहीत नव्हतं. तिचंही अडलेलं होतं. मी म्हटलं, "तू आली न्हाईस तर माज्या खोल्या जातील, वैनी."

"गावात ये की. तुमचा बी हिस्सा हाय घरात."

"त्यात म्हशी बांधल्यात तुमी."

"काढू म्हशी."

"काढशीला?"

 गोठ्यात म्हैस शेपूट मारत होती. नवरा पडला त्या वर्षी आम्ही महिनाभर या घरात काढला होता. तो महिना कसा गेला ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मी मूठभर शेंगदाणे सुपात टाकले आणि उठले. शेवटच्या एसटीनं परत आले.  मनातल्या मनात भांड्यांची बांधाबांध सुरू झाली होती. काय न्यायचं, काय टाकायचं, कॉट कशात घालायची.

सकाळी टेम्पो गावच्या स्टँडवर थांबला तेव्हा जाऊ उभी होती. मागं तिच्या बायका. तोंडाला स्कार्फ घट्ट गुंडाळलेला, नुसते डोळे दिसत होते. माझ्याकडं न बघता चढली आणि शेपटाच्या जागेवर जाऊन बसली. तिथं आदल्या दिवशी कोण बसलं होतं, याची चौकशीही तिनं केली नाही.

दुपारच्या चहाला ती माझ्या घरात आली. हातात यंत्र धुवायचे रबरी मोजे. दबक्या आवाजात म्हणाली, "आतनं कडी लावती. कुणी आलं तर मी मोरीत हाय म्हण. आणि भायेर कुणी इचारलं तर तूच धुतलंस म्हणून सांग."

एवढं खोटं बोललं असतं तर सगळं निभावत होतं. जाऊ टिकली असती, बायका टिकल्या असत्या, खोल्या टिकल्या असत्या. फक्त नंबर खोटा झाला असता, आणि तो कुणाला कळणार होता? मी भांडी पुसत होते. म्हटलं, "मी काय बी सांगणार न्हाई. न्हाई म्हणून न्हाई, व्हय म्हणून न्हाई."

ती तशीच उभी राहिली. आता ही वळली तर संपलं, हे मला दिसत होतं. पुढं काही बोलून तिला थांबवावं असं फार वाटलं. नाही बोलले. 

ती आत गेली. कडी वाजली. मग पाणी, मग खराटा. ती घासत होती तशी कुणी संडास घासत नाही. फरशी उखडेल असा आवाज येत होता.

तेवढ्यात दारात चपला निघाल्या आणि पट्ट्याच्या तोंडाशी बसणारी बाई आत आली. तिला जायचं होतं. मी तिला थोड्या वेळानं ये म्हणू शकले असते. जावेनं तेच तर मागितलं होतं. मी म्हटलं, "आत माणूस हाय." ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकली आणि पदरानं घाम पुसायला लागली. खराट्याचा आवाज तिलाही ऐकू येत होता.

कडी निघाली. जाऊ बाहेर आली. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, स्कार्फ गळ्यात आलेला, केस कपाळाला चिकटलेले, हातात खराटा. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मी गॅसकडं तोंड केलं.

"झालं का?" ती बाई म्हणाली.

जावेनं खराटा भिंतीला उभा केला. मोजे काढले. "झालंय," ती म्हणाली. "वाळू दे जरा. पाय घसरंल."

"बरं," ती बाई म्हणाली, आणि दोघी फरशी वाळायची वाट बघत थांबल्या. एक उंबऱ्यावर, एक मोरीशी हात धूत. 

पट्टा पुन्हा सुरू झाला तेव्हा जावेचा आवाज अख्ख्या शेडात गेला. शेजारणीला सांगत होती, "उद्या तुजा नंबर. खराटा मोरीत ठेवलाय. नुसतं पाणी मारून येशील तर मी परत धुवायला लावीन." शेजारीण भावकीतलीच. तिनं मान डोलावली.

संध्याकाळी मालक आला, पट्ट्यावरून नजर फिरवली. "भरला की पट्टा, मावशी."

"भरला."

"मग खोल्यांचं पुढच्या हंगामाला बघू."

"बघू म्हंजी?"

"बघू म्हणजे बघू." तो हसला आणि गाडीकडं गेला. सेक्रेटरीला फोन करावा असं मनात आलं, पण सांगण्यासारखं काय होतं? मी घरात आले. नवऱ्याला पाणी दिलं, पडदा ओढायला हात वर केला, तर दारात टेम्पोची घाई असलेली एक बाई चपला काढून उभी.

"मावशी, जाऊ का?"

"जा," मी म्हटलं.